थंड प्रदेशातील परसबागेतले अंजीर

ज्या प्रदेशांत हिवाळ्यात जमीन गोठते, तेथेही घराच्या भिंतीलगत अंजिराचे एखादे झाड लावण्याची हौस अनेक कुटुंबांत आढळते. शरद ऋतू संपत आला की झाडाला गोणपाट गुंडाळावे, बुंध्याशी पालापाचोळ्याचा ढीग घालावा आणि वसंताची वाट पाहावी, असा तेथील क्रम असतो. वसंतात आच्छादन काढून पाहिले, तर पुष्कळदा फांद्या काळवंडलेल्या व साल सुरकुतलेली दिसते. शेजारच्या सफरचंदाला पालवी फुटलेली असते, पण अंजिरावर जीव असल्याची खूण नसते. मग झाड मेले असे समजून ते उपटून टाकले जाते, आणि ‘हे झाड आपल्या हवामानाचे नव्हे’ असा निष्कर्ष काढून कुटुंब मोकळे होते.

अशा रीतीने उपटलेल्या झाडांपैकी कित्येक वस्तुतः जिवंत असतात. जमिनीवरचा भाग मेलेला असला, तरी जमिनीखालची मुळे शाबूत असतात, आणि उशिरा का होईना, त्यांतून नवे कोंब येतात. तेव्हा थंडीने अंजीर मरते की नाही, हा प्रश्न वाटतो तितका निर्णायक नाही. खरा प्रश्न पुढचा आहे : नव्याने वाढलेल्या फांदीला फळ पिकविण्याइतका उन्हाळा मिळतो काय? थंड प्रदेशातील अंजिराचा प्रश्न मुख्यतः थंडीचा नसून अवधीचा आहे, आणि झाडाची निगा त्या दृष्टीने राखली पाहिजे, असे या पुस्तिकेचे प्रतिपादन आहे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे बरेच श्रम वाया जातात व बरीच झाडे नाहक नष्ट होतात.

झाडाचा स्वभाव

अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच कुळातले झाड होय. शास्त्रज्ञ त्याला फायकस कॅरिका म्हणतात. क्वचित दिसणाऱ्या गोष्टीला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची रीत आहे, आणि ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने मोठी मार्मिक आहे. उंबराप्रमाणेच अंजिराची फुलेही बाहेर दिसत नाहीत. ज्याला आपण फळ म्हणतो ती एक मांसल, पोकळ पिशवी असून तिच्या आतल्या बाजूला शेकडो सूक्ष्म फुले असतात. देठाच्या विरुद्ध टोकाला एक बारीकसे छिद्र असते. त्याला अंजिराचा डोळा म्हणतात. तोच काय तो बाहेरच्या जगाशी त्या फुलांचा संबंध.

या झाडाचे मूळ घर पश्चिम आशिया व भूमध्य समुद्राच्या भोवतालचा प्रदेश हे आहे. तेथे उन्हाळा लांब, कोरडा व कडक असतो, आणि हिवाळा ओला परंतु सौम्य असतो. मनुष्याचा व या झाडाचा संबंध फार पुरातन आहे. जॉर्डन नदीच्या खोऱ्यात गिल्गाल येथील उत्खननात जळून कोळसा झालेली अंजिरे मिळाली. ती सुमारे ११,४०० वर्षांपूर्वीची असून फांद्या लावून वाढविलेल्या झाडांची असावीत, असे मत काही संशोधकांनी २००६ साली मांडले. त्या मताविषयी विद्वानांत एकवाक्यता नाही. तथापि अंजिराची फांदी तोडून दुसरीकडे रोवणे इतके सोपे आहे, की मनुष्याने हे झाड फार लवकर आपल्याबरोबर नेण्यास आरंभ केला असेल, हे सहज पटण्यासारखे आहे.

हिवाळ्यात अंजिराची पाने गळतात व झाड विश्रांती घेते. या विश्रांतीची गरज मात्र अल्प आहे. सफरचंदाला वसंतात नीट फुलण्यासाठी दीर्घ थंडी लागते. अंजिराला तशी लागत नाही. म्हणूनच ते पुणे जिल्ह्यातील पुरंदरसारख्या उष्ण भागातही उत्तम येते. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली पुरंदरची अंजिरे महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाची आहेत. तेथे बर्फ पडत नाही. म्हणून शेतकरी पाणी तोडून झाडाला ताण देतो, छाटणी करतो आणि पुन्हा पाणी देऊन बहार धरतो. पावसाळी हंगामात धरलेला तो खट्टा बहार, आणि ज्याची फळे उन्हाळ्याच्या सुमारास पिकतात तो अधिक गोड मीठा बहार. म्हणजे दख्खनमध्ये मनुष्य झाडाला विश्रांती देतो, तर उत्तरेकडे ती हिमऋतू देतो. झाड एकच व त्याचा स्वभावही एकच. फरक एवढाच, की पुरंदरच्या शेतकऱ्याला विश्रांतीचा काळ आपल्या मर्जीने ठरविता येतो. थंड देशातल्या माणसाला तो निसर्गाने ठरवून दिलेला असतो.

थंडी नेमके काय मारते?

झाडाचे सर्व भाग थंडीपुढे सारखेच दुबळे नसतात. कोवळे, हिरवे शेंडे पारा शून्याखाली किंचित उतरताच करपतात. पूर्ण पक्व झालेले व विश्रांतीत गेलेले लाकूड याहून पुष्कळ सोसते. साधारणपणे उणे ९ ते उणे १२ अंश सेल्सिअसच्या सुमारास त्याला इजा होऊ लागते. वाण, झाडाचे वय आणि थंडी किती तास टिकली यांप्रमाणे हा आकडा मागेपुढे होतो. मुळे मात्र मातीच्या आश्रयाने असतात. हवेचे तापमान एका रात्रीत कितीही उतरले, तरी पालापाचोळ्याने झाकलेली जमीन हळूहळू निवते, आणि खोलवरची माती बहुधा गोठतच नाही. म्हणून जेथे फांदी एकाच रात्रीत मरते, तेथे मूळ वर्षानुवर्षे जगते.

दुसरी गोष्ट अशी, की थंडीच्या तीव्रतेइतकेच तिच्या आगमनाच्या वेळेला महत्त्व आहे. शरद ऋतूत गारवा क्रमाने वाढत गेला, तर झाड वाढ थांबविते, लाकूड पक्व होते आणि पुढची कडक थंडी सोसण्यास समर्थ बनते. परंतु उन्हाळ्याच्या उत्तरार्धात भरपूर नत्रयुक्त खत व पाणी दिलेले झाड कोवळी वाढ करीतच राहते, आणि पहिल्याच हिमरात्री त्याची हानी होते. अशा झाडाला पुढे कितीही गोणपाट गुंडाळले, तरी त्याचा उपयोग थोडा. थंडीपासून झाड वाचविण्याचे काम नोव्हेंबरात नव्हे, तर ऑगस्टमध्ये खताचा हात आवरता घेण्यापासून सुरू होते, हे जाणणारे लोक फार थोडे.

वसंतातील धोका याच्या उलट प्रकारचा. मध्येच आठ-पंधरा दिवस ऊब पडली म्हणजे झाड जागे होते, आणि मग आलेला हिमप्रकोप त्या जाग्या झालेल्या अंकुरांना मारतो. अमेरिकेच्या पूर्व भागात २००७ साली असेच घडले. मार्च महिना उबदार गेल्यामुळे झाडे लवकर फुटली, आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आलेल्या कडाक्याने फळझाडांची व पिकांची मोठी हानी केली. पृथ्वीचे हवामान उष्ण होत आहे, तेव्हा पुढे थंड देशांतही अंजीर आपोआप येईल, असे मानणाऱ्यांनी या घटनेचा विचार करावा. हिवाळा सरासरीने सौम्य झाला, तरी अवेळी येणारे हिम नाहीसे होत नाही. उलट झाड लवकर जागे होऊ लागले, तर त्या हिमाच्या तावडीत सापडण्याचा धोका वाढू शकतो.

दोन बहार व उन्हाळ्याचा हिशेब

अंजिराच्या बऱ्याच वाणांना वर्षातून दोनदा फळे येण्याची शक्यता असते. पहिला बहार गेल्या वर्षीच्या फांदीच्या शेंड्याकडील भागावर येतो. ही फळे शरद ऋतूतच अतिसूक्ष्म रूपात तयार झालेली असतात. ती हिवाळाभर तशीच राहतात व वसंतात वाढू लागून उन्हाळ्याच्या आरंभी किंवा मध्यास पिकतात. दुसरा बहार, जो मुख्य होय, तो चालू वर्षी वाढलेल्या फांदीवर पानांच्या बेचक्यांत येतो आणि उन्हाळ्याच्या शेवटी वा शरद ऋतूत पिकतो.

या एका गोष्टीत थंड प्रदेशातील अंजिराचे सारे गणित साठविलेले आहे. फांद्या थंडीने मेल्या तर पहिला बहार समूळ गेला. त्या वर्षी तो येणे शक्य नाही. दुसरा बहार मात्र नव्या फांदीवर येणारा असल्याने मुळापासून उगवलेल्या कोंबावरही येऊ शकतो. पण त्याला वेळ लागतो. कोंब जमिनीतून वर यायला वसंत सरत येतो. त्याची काही पाने झाल्यावर बेचक्यांत फळे दिसू लागतात. आणि फळ दिसू लागल्यापासून ते पिकेपर्यंत ढोबळ मानाने अडीच ते चार महिने जातात. या काळात फळ प्रथम झपाट्याने वाढते, मग कित्येक आठवडे वाढ थांबल्यासारखी दिसते, आणि अखेरच्या काही दिवसांत ते पुन्हा एकाएकी फुगते, मऊ होते व गोड बनते. मधला स्तब्धतेचा काळ पाहून पुष्कळांचा धीर सुटतो. थंड देशात नेमका याच टप्प्यावर शरद ऋतू येऊन ठेपतो आणि हिरवी, कडक फळे झाडावरच राहून जातात. तोडून घरात ठेवलेले कच्चे अंजीर केळ्यासारखे पिकत नाही, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

तेव्हा जुनी फांदी वाचविण्याचा अर्थ काय? झाडाचा जीव वाचविणे हा तिचा मुख्य अर्थ नव्हे, कारण तो मुळांत सुरक्षित असतो. वाचलेली फांदी वसंतात लागलीच पालवते, तिच्यावरील नवे कोंब जमिनीतून येणाऱ्या कोंबांच्या कित्येक आठवडे पुढे असतात, आणि तेवढ्या आठवड्यांवर फळ पिकणे अथवा न पिकणे अवलंबून असते. फांदीबरोबर हिवाळ्यातून पार नेले जाते ते हे काही आठवडे होत.

तीन ठिकाणचा अनुभव

हे विवेचन पुस्तकी नाही, याची साक्ष तीन निरनिराळ्या देशांतील माळी देतात. त्यांच्या पद्धती परस्परांहून भिन्न आहेत, आणि त्या भिन्नतेचे कारण प्रत्येक ठिकाणच्या उन्हाळ्यात सापडते.

पॅरिसजवळचे आर्झांतई हे गाव एकेकाळी अंजिरांसाठी प्रसिद्ध होते. एकोणिसाव्या शतकात तेथील बागायतदार झाडाला एका उंच खोडावर वाढू देत नसत. जमिनीलगत अनेक लवचीक फांद्या ठेवीत, आणि हिवाळ्यापूर्वी त्यांच्या मोळ्या बांधून, त्या चरांत आडव्या निजवून वर माती लोटीत. थंडी ओसरली की फांद्या उकरून काढीत. पॅरिसचा उन्हाळा दुसऱ्या बहाराला पुरेसा नाही, हे ओळखून त्यांनी पहिल्या बहारावर भिस्त ठेविली होती, आणि तो बहार ज्या लाकडावर येतो ते लाकूड मातीच्या कुशीत जपले होते. फळ वाढून पक्व होण्याच्या बेतात आले म्हणजे त्याच्या डोळ्याला तेलाचा थेंब लावण्याची युक्तीही तेथे रूढ होती. त्यामुळे फळ काही दिवस आधी पिके. तेलाच्या योगाने फळात इथिलीन नावाचा पिकविणारा वायू निर्माण होतो, हा उलगडा विसाव्या शतकातील प्रयोगांनी झाला. माळ्यांना कारण ठाऊक नव्हते. पण त्यांचे निरीक्षण अचूक होते. अवधी कमी पडतो हे ओळखून त्यांनी तो दोन्ही टोकांनी वाढविला होता. श्रीमंतांचा मार्ग वेगळा होता. चौदाव्या लुईच्या व्हर्सायमधील बागेत ला कँतिनी या उद्यानतज्ज्ञाने सतराव्या शतकात अंजिराची शेकडो झाडे लाकडी पेट्यांत वाढविली, आणि हिवाळ्यात ती आत हलविण्याची व्यवस्था केली. आजचा कुंडीतला अंजीर हा त्या राजेशाही पेटीचाच गरीब वंशज होय.

इंग्लंडमध्ये हिवाळा फार कडक नसतो, पण उन्हाळाही फार उष्ण नसतो. म्हणून तेथे झाड दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला टेकवून वाढवितात. दिवसभर तापलेली भीत रात्री ऊब देते. मुळांभोवती फरशा उभ्या करून त्यांचा विस्तार रोखतात, कारण मोकळ्या, सकस जमिनीत झाड नुसते पानांनी माजते. शरद ऋतूच्या अखेरीस वाटाण्याहून मोठी झालेली सर्व हिरवी फळे तोडून टाकतात, आणि वाटाण्याएवढी वा त्याहून लहान राहिलेली तेवढी जपतात. नवख्या माणसाला हे उफराटे वाटते. परंतु मोठी कच्ची फळे पिकणार नाहीत व हिवाळाही काढणार नाहीत, तर लहान फळे पुढच्या वर्षीचा पहिला बहार आहेत. ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात एडवर्ड पोकॉक या अरबी भाषेच्या पंडिताने सतराव्या शतकात सीरियातून आणून लावलेले झाड अजून उभे असल्याचे सांगतात. भिंतीचा आश्रय मिळाला तर हे झाड किती काळ तग धरू शकते, याचे ते उदाहरण होय.

तिसरा अनुभव न्यूयॉर्कचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दक्षिण इटलीतील हजारो कुटुंबे तेथे जाऊन वसली, आणि पुष्कळांनी गावाकडच्या अंजिराच्या फांद्या सोबत नेल्या. ब्रुकलिनमधील त्यांच्या चिमुकल्या परसांत हिवाळ्यात एक विलक्षण दृश्य दिसे. फांद्या दोरीने आवळून बांधलेल्या, त्यांवर जुने गालिचे, घोंगड्या व डांबरी कागद यांचे वेष्टन, आणि पाणी आत शिरू नये म्हणून माथ्यावर पालथी घातलेली बादली. काही जण झाडाची एका बाजूची मुळे तोडून अख्खे झाडच चरात आडवे करीत व पुरीत. न्यूयॉर्कचा हिवाळा लंडनपेक्षा कितीतरी कडक. ७ जानेवारी २०१४ रोजी तेथील सेंट्रल पार्कमध्ये पारा उणे १५ अंशांखाली गेला होता. इतक्या थंडीत उघडे लाकूड वाचण्याची आशा थोडी. परंतु तेथला उन्हाळा चांगलाच तापतो. म्हणून तेथे दुसरा बहार पिकू शकतो, आणि फांद्या मेल्या तरी अनुकूल वाणाच्या नव्या कोंबांवर फळ मिळण्याची शक्यता उरते. त्या इटालियन कुटुंबांनी केलेले वेष्टन व्यर्थ नव्हते. त्यामुळे फळ लवकर व भरपूर येई. पण वेष्टन चुकले म्हणून झाड गेले, असे मानण्याचे कारण तेथे नव्हते.

आक्षेपांचा विचार

एवढे सारे समजून घेतल्यावरही काही जण विचारतील, की हा खटाटोप हवाच कशाला? प्रत्येक झाड आपापल्या मुलखात शोभते. थंड देशाने सफरचंद व अक्रोड लावावेत, आणि अंजीर उष्ण देशातून मागवावे. व्यापारी लागवडीपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. ज्याचा चरितार्थ फळांवर चालतो, त्याने हिवाळ्याशी पैज लावू नये. परसबागेचे अर्थशास्त्र मात्र निराळे आहे. पिकलेले ताजे अंजीर इतके नाजूक असते, की ते दूरच्या प्रवासात टिकत नाही. बाजारात येणारे फळ बहुधा थोडे कच्चे तोडलेले असते, आणि तोडल्यावर त्यात गोडी भरत नाही. झाडावर पिकलेल्या फळाची चव घ्यायची, तर झाड दारात असावे लागते. शिवाय एका झाडाला गुंडाळण्यास लागणारे श्रम म्हणजे वर्षातली एक सकाळ.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. मुळे सुरक्षितच आहेत, तर आच्छादनाची उठाठेव सोडून द्यावी आणि दरसाल नव्या कोंबांवर विसंबावे, असे कोणी म्हणेल. जेथे उन्हाळा लांब व उष्ण आहे तेथे हा सल्ला योग्यही ठरेल. परंतु जेथे उन्हाळा आखूड आहे, तेथे तो सल्ला म्हणजे पाने पाहून समाधान मानण्याचा सल्ला होय. शिवाय वर्षामागून वर्षे वरचा भाग मरत राहिला, तर मुळांतील साठाही क्षीण होत जातो. म्हणून सर्व ठिकाणी लागू पडेल असा एकच नियम देणे अशास्त्रीय आहे. आपल्या गावी शेवटचे हिम केव्हा पडते, पहिले केव्हा येते आणि मधले दिवस किती उष्ण असतात, याची नोंद ज्याच्यापाशी आहे, त्यालाच या प्रश्नाचे उत्तर देता येईल.

आपल्या देशातील डोंगराळ प्रदेश

भारतात हा विचार हिमालयाच्या कुशीतील गावांना विशेष लागू पडतो. कुमाऊँ व गढवाल भागांत बेडू या नावाने ओळखले जाणारे रानअंजीर डोंगरउतारांवर आपोआप वाढते. ते लागवडीच्या अंजिराचे जवळचे नातेवाईक आहे. त्यामुळे या कुळाला पहाडी हवा अगदीच परकी आहे, असे म्हणता येत नाही.

काश्मीर खोऱ्यात २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात. कडक थंडीचे ते दिवस. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीनगरचा पारा उणे ८ अंशांच्याही खाली गेला होता. वर दिलेल्या आकड्यांशी हे ताडून पाहिले, तर दिसून येईल, की पक्व लाकडाच्या सहनशक्तीच्या सीमेजवळ ही थंडी पोहोचते. मुळांना तिच्यापासून फारसे भय नाही. खोऱ्यातील उन्हाळा उबदार असून पाऊसही बेताचा, म्हणून तेथे दुसऱ्या बहाराची आशा धरणे रास्त आहे. तरुण झाडाला पहिले दोन-तीन हिवाळे चांगले आच्छादन द्यावे. पुढे लाकूड जाड झाले म्हणजे धोका कमी होतो.

हिमालयाच्या ज्या बाह्य रांगांवर मोसमी पाऊस जोराचा पडतो, तेथे परिस्थिती उलट आहे. हिवाळा तितका कडक नसतो, पण जुलै ते सप्टेंबर आकाश ढगाळ असते. पावसात पिकणारे अंजीर तडकते, त्याच्या डोळ्यातून पाणी आत शिरते आणि ते आंबते. तेथे पावसापूर्वी पिकणारा पहिला बहार अधिक मोलाचा ठरेल, आणि म्हणून जुन्या फांद्या जपण्याला तेथे महत्त्व आहे. लडाखमध्ये लेहसारख्या ठिकाणी पारा उणे १५ अंशांखाली उतरतो. तेथे मोकळ्या जमिनीतील झाडापेक्षा कुंडी बरी. पाने गळाल्यावर कुंडी थंड पण न गोठणाऱ्या खोलीत ठेवावी. निद्रिस्त झाडाला उजेडाची गरज नसते. माती अगदी कोरडी पडू नये इतपत पाणी पुरते.

वाणाची निवड व काही दक्षता

वाण निवडताना लोक केवळ ‘थंडी सोसणारे’ या शब्दांवर भुलतात. त्याऐवजी दोन प्रश्न विचारावेत. पहिला : या वाणाला परागणासाठी कीटक लागतो काय? उंबर फोडले की त्यातून बारीक केंबरे उडतात, हे सर्वांनी पाहिले आहे. स्मर्ना वर्गाच्या अंजिराला अशाच एका सूक्ष्म कीटकाची आवश्यकता असते. तो परागकण घेऊन आत शिरला नाही, तर फळे कच्चीच गळतात. कॅलिफोर्नियात स्मर्नाची झाडे लावल्यावर कित्येक वर्षे हाच अनुभव आला, आणि १८९९ साली तो कीटक तेथे रुजविण्यात यश आल्यावरच फळे धरू लागली. कडक थंडीच्या प्रदेशात हा कीटक टिकाव धरीत नाही. म्हणून परागणाशिवाय फळणारा सामान्य वर्गच तेथे निवडला पाहिजे. पुरंदरचे अंजीरही याच वर्गातले. सुक्या अंजिरातील बी पेरून झाड करण्याचा मोह टाळावा, कारण रोपांपैकी पुष्कळ खाण्याजोगे फळ न देणारी निघतात.

दुसरा प्रश्न : हा वाण कोणत्या बहारावर अधिक फळतो? शिकागो हार्डी नावाचा वाण मुळापासून फुटलेल्या कोंबांवरही फळ देतो, अशी त्याची ख्याती आहे. ब्राउन टर्की हे नाव मात्र इंग्लंडात एका व कॅलिफोर्नियात दुसऱ्याच झाडाला दिलेले आढळते. तेव्हा नावापेक्षा गुणाची चौकशी करणे हिताचे. फाटेकलमे घेताना पानांवर पिवळसर, ओबडधोबड डाग असलेले झाड टाळावे. तो विषाणुजन्य केवडा असू शकतो व कलमांबरोबर तो पसरतो.

आच्छादनाविषयी दोन शब्द पुरेत. गोणपाट, गवत, पेंढा ही हवा खेळू देणारी साधने चांगली. प्लास्टिक थेट खोडाला लपेटल्यास आत दमटपणा साचून बुरशी येते, आणि उन्हाच्या दिवशी ऊब कोंडून झाड अवेळी जागे होते. पेंढ्यात उंदीर घर करतात व साल कुरतडतात, म्हणून बुंध्याभोवती बारीक जाळी असावी. वसंतात आच्छादन एकदम न काढता ढगाळ दिवस पाहून हळूहळू काढावे. छाटणी करताना हातांवर चीक पडू देऊ नये. चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडल्यास फोड येतात.

शाळा व निरीक्षण

या विषयाला आणखी एक बाजू आहे, आणि ती शाळांनी ध्यानात घ्यावी अशी आहे. थंड प्रदेशातील अंजीर हा घरच्या घरी करता येणारा एक उत्तम प्रयोग आहे. एकाच झाडाच्या दोन फाटेकलमांपैकी एक मातीने झाकावे, दुसरे उघडे ठेवावे. किमान तापमान रोज टिपावे. पहिली पालवी, पहिले फळ व पहिले पिकलेले फळ यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. तीन-चार वर्षांत त्या गावापुरते असे ज्ञान जमा होईल, की जे कोणत्याही ग्रंथात मिळणार नाही. आर्झांतईच्या बागायतदारांनी व ब्रुकलिनच्या कुटुंबांनी जे शोधून काढले, ते याच मार्गाने. फक्त त्यांनी ते लिहून न ठेवता पुढच्या पिढीच्या हाती दिले.

आणि ज्यांच्या परसात आजमितीस काळी पडलेली फांदी उभी असेल, त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. नखाने साल किंचित खरवडून पाहावी. आत हिरवेपणा दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी व कोरडे लाकूड दिसले, तर जिवंत भाग लागेपर्यंत फांदी छाटीत खाली जावे. पार जमिनीपर्यंत जावे लागले तरी हरकत नाही. कुदळ मात्र हाती घेऊ नये. जून महिना सरेपर्यंत बुंध्याजवळची माती ओलसर ठेवून वाट पाहावी. कोंब आल्यास त्यांतले तीन-चार जोमदार तेवढे राखावेत आणि बाकीचे काढून टाकावेत, म्हणजे त्यांना उन्हाळ्याचा पुरेपूर लाभ मिळेल.